कट्ट्याला चारशे बत्तीस

2012 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापून, चुरून केंद्रांवर यायला लागला होता. लाखांदूरच्या मुख्य कार्यालयात मी दुपारचा डबा उघडणार, तेवढ्यात एका केंद्रावरून फोन आला. ऑपरेटर बोलत होता, पण मागून एक म्हातारा आवाज त्याच्याहून मोठ्यानं येत होता. शेवटी ऑपरेटरनं फोन त्यांच्याच हातात दिला.

"का जी बाबू, चाळीस किलोचा कट्टा. भाव बाराशे पन्नास. मंग कट्ट्याले पाचसे होतेत का नाई? येथं चारसे बत्तीस काऊन लिवलं?"

मी म्हटलं, "देखतो जी मामाजी, पावती तशीच राहू द्या." फोन ठेवला आणि डबा पुन्हा बंद केला. 432 हा आकडा मला लगेच ओळखू आला. क्विंटलला 1080 रुपये भाव असला की चाळीस किलोच्या कट्ट्याचे 432 होतात, आणि 1080 हा साधारण धानाचा आदल्या हंगामाचा आधारभूत भाव. त्या वर्षी तो एकदम 170 रुपयांनी वाढून 1250 झाला होता. म्हणजे त्या केंद्रावर माझा जुना प्रोग्रॅम चालू होता. मामाजींचे तीस कट्टे होते, फरक 2040 रुपयांचा. त्यांनी तो कॅलक्युलेटरशिवाय, काट्याजवळ उभ्या-उभ्या पकडला. माझ्या संगणकानं मात्र सकाळपासून प्रत्येक पावती बिनचूक चुकीची छापली होती.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत संगणकाचं काम बघत होतो. शिक्षण म्हणाल तर बी.ए. आणि एमएस-सीआयटी, पुढं ॲक्सेस पुस्तक वाचून आणि चुका करून शिकलो. संस्थेची पाच धान खरेदी केंद्रं होती आणि प्रत्येकावर एक संगणक, एक प्रिंटर, एक यूपीएस. शेतकऱ्याचा सातबारा, गट नंबर, धानाचा दर्जा, कट्टे, वजन, बारदाना या सगळ्यासाठी मी ॲक्सेस 2003 मध्ये एक डेटाबेस बांधला होता. दर्जाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, साधारण आणि 'अ'. वाणाचा रकाना मी हौसेनं टाकला होता आणि त्यात एचएमटी, जय श्रीराम, 1010 अशी नावं भरली होती. केंद्रावर येतो तो बहुतेक 1010 सारखा ठोकळ धान. बारीक धान शेतकरी व्यापाऱ्याला किंवा राइस मिलला देतो, तिथं भाव बरा मिळतो. त्यामुळं आमच्याकडे एचएमटीची ओळ जवळजवळ रिकामीच राहायची. ज्या वाणाची पहिली लोंबी नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या धानात वेगळी ओळखली आणि जे हातोहात, पायलीपायलीनं सगळ्या झाडीपट्टीत पसरलं, त्याला माझ्या डेटाबेसमध्ये शून्य कट्टे! असो.

खरी अडचण प्रोग्रॅम बांधण्यात नव्हती, तो पाच ठिकाणी पोचवण्यात आणि पाच ठिकाणची माहिती परत आणण्यात होती. केंद्रांवर इंटरनेट नव्हतं. मुख्य कार्यालयात फोनच्या तारेवरून यायचं, तेही आलं तर. त्यामुळं 2008 पासून दर सोमवारी मी मोटरसायकलनं फेरी मारायचो. बारव्हा, दिघोरी, मासळ, विरली, सरांडी ही सगळी वाट तेव्हा डोळे मिटून सांगू शकलो असतो. खिशात दोन जीबीचा पेन ड्राइव्ह, गळ्यात दुपट्टा. केंद्रावर पोचायचं, एमडीबी फाइल उचलायची, पेन ड्राइव्हवर टाकायची, चहा घ्यायचा, पुढं निघायचं.

दुसऱ्याच हंगामात फटका बसला. एका केंद्रावर मी फाइल उचलण्याऐवजी पेन ड्राइव्हवरची गेल्या सोमवारची फाइल संगणकावर टाकली. विंडोजनं विचारलं, आधीची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी हो म्हटलं. आठवडाभराच्या नोंदी एका क्लिकनं गेल्या. तिथल्या दिवाणजींना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. टेबलाखालून कार्बन लावलेलं पावती-बुक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. संगणक आल्यावरही त्यांनी ते बुक बंद केलं नव्हतं आणि त्यावरून मी त्यांना चारदा टोकलं होतं. वरची प्रत शेतकऱ्याला, दुसरी कार्यालयाला, तिसरी बुकातच. त्या तिसऱ्या प्रतीवरून रात्री कंदिलाच्या उजेडात—लाइन गेलेली होती—आम्ही दोघांनी यादी केली आणि दुसऱ्या दिवशी ती मी भरली. पुढं दिवाणजींना त्या बुकाबद्दल मी कधी काही म्हटलं नाही.

तेव्हापासून ठरवलं, हातानं फाइल हलवायची नाही. बॅच फाइल लिहिली. नोटपॅडमध्ये तीन ओळी. एक फोल्डर बनवणारी, एक फाइल नेणारी, एक थांबवणारी. एक्सकॉपी या आज्ञेला स्लॅश-डी लावलं की ती फक्त नवी फाइलच जुनीवर टाकते, जुनी कधी नवीवर टाकत नाही. माझ्या त्या सोमवारच्या चुकीवर औषध विंडोजमध्ये आधीपासून होतं, फक्त मला माहीत नव्हतं.

पण स्क्रिप्टच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. माणूस चुकला तर घाम फुटतो. स्क्रिप्ट शांतपणे चुकते आणि रोज चुकते.

पहिली चूक तारखेची. प्रत्येक प्रतीला त्या दिवसाच्या तारखेचं नाव द्यावं म्हणून मी बॅच फाइलमध्ये विंडोजकडून तारीख मागितली. विंडोजची तारीख तिरप्या रेघांनी येते आणि फोल्डरच्या नावात तिरपी रेघ म्हणजे आतला फोल्डर. त्यामुळं तारखेच्या आत महिना, महिन्याच्या आत वर्ष अशी पेट्यांत पेट्या तयार झाल्या. ते सुधारलं तर दुसरं निघालं. दोन केंद्रांवरच्या संगणकात तारीख अमेरिकी पद्धतीनं लावलेली होती, आधी महिना मग दिवस. त्यामुळं 5 डिसेंबरची प्रत 12 मेची म्हणून जमा होत होती. शेवटी ते काम बॅच फाइलकडून काढून व्हीबीस्क्रिप्टला दिलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये काही नाही. असं नाव ठेवलं की फोल्डर उघडल्याबरोबर प्रती आपोआप काळाच्या क्रमानं उभ्या राहतात. हे मी पुढं ज्याला ज्याला शिकवलं, त्याला आधी हेच शिकवलं.

दुसरी चूक उघड्या फाइलची. ॲक्सेसची फाइल कुणी उघडली की शेजारी त्याच नावाची एक छोटी एलडीबी फाइल तयार होते. आत माणूस आहे, असं सांगणारी. सगळे बाहेर पडले की ती नाहीशी होते. ऑपरेटर पोरं प्रोग्रॅम चालू ठेवून चहाला जायची आणि नेमकी तेव्हा स्क्रिप्ट चालायची. प्रत व्हायची, आकारही बरोबर दिसायचा, पण पुढं कधी ती उघडायला गेलं की ॲक्सेस म्हणायचं, हा डेटाबेसचा प्रकारच मला ओळखू येत नाही. अर्धं पान लिहून होत असताना वहीचा फोटो काढावा, तसं ते. म्हणून स्क्रिप्टला सांगितलं, एलडीबी दिसली तर प्रत करू नको. झालं. आठवड्यानं पाहतो तर एका केंद्राची एकही प्रत नाही. तिथं लोडशेडिंगमध्ये यूपीएसनं दम सोडला होता, संगणक मध्येच बंद पडला होता आणि आत कुणी नसताना ती एलडीबी तशीच राहिली होती. रिकाम्या घराला बाहेरून कडी. यावरचा उपाय मला फार आवडला, म्हणून सांगतो. आधी एलडीबी पुसून पाहायची. आत खरंच कुणी असेल तर विंडोज ती पुसू देत नाही. पुसली गेली तर घर रिकामं आहे, खुशाल प्रत करा.

रेप्लिकेशनच्या नादालाही एकदा लागलो. ॲक्सेसमध्ये तेव्हा ही सोय होती. एका मूळ फाइलच्या पाच जुळ्या फाइली करायच्या, पाच ठिकाणी काम करायचं, नंतर त्या एकमेकींशी जुळवून घेतात. ऐकायला अमृत. चाचणीसाठी एका केंद्राला दिली आणि पहिल्याच पावतीवर क्रमांक आला उणे बहात्तर कोटी काहीतरी. दोन ठिकाणी एकच क्रमांक येऊ नये म्हणून रेप्लिकेशन आपोआप येणारे क्रमांक वाट्टेल तिथून उचलतं, हे पुस्तकातल्या मागच्या पानावर होतं. शेतकऱ्याच्या हातात उण्याची पावती कशी देणार? त्याच संध्याकाळी ते काढलं. 2007 च्या नव्या फाइल-प्रकारातून मायक्रोसॉफ्टनंच ही सोय काढून टाकली होती, हे पुढं कळलं तेव्हा मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो.

मग सरळ मार्ग धरला. डेटाबेसचे दोन भाग केले. नोंदी एका फाइलमध्ये, ती केंद्रावरच राहणार. फॉर्म, रिपोर्ट, पावतीचा साचा दुसऱ्या फाइलमध्ये, ती मी बदलणार आणि वाटणार. केंद्रावर पेन ड्राइव्ह लावायचा, त्यातल्या 'नवीन' नावाच्या स्क्रिप्टवर दोनदा क्लिक करायचं, की साच्याची फाइल बदलली जाईल आणि जाता-जाता शिवाजी फॉन्टसुद्धा तपासला जाईल. हा फॉन्ट नसला की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसायचा. आता मी गेलंच पाहिजे असं उरलं नाही. बारदान्याच्या गाडीबरोबर पेन ड्राइव्ह पाठवला तरी चालायचं. पेन ड्राइव्हवरून व्हायरसही फिरायचे. फोल्डरचं चित्र लावून बसलेली प्रोग्रॅम फाइल हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तो पाचही केंद्रांवर माझ्या स्क्रिप्टपेक्षा जास्त निष्ठेनं पोचायचा.

तर 2012 ची ती पावती. भाव बदलल्यावर मी साच्याची नवी फाइल केली आणि पाचही केंद्रांवर पाठवली. त्या केंद्राच्या ऑपरेटरनं मला फोनवर सांगितलं होतं, "झालं सर." तो खोटं बोलला नव्हता. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, स्क्रिप्टवर क्लिक केलं, काळी खिडकी आली आणि गेली. त्या संगणकाला कार्ड रीडर जोडलेला होता, म्हणून तिथं पेन ड्राइव्हला एफ ऐवजी जी हे अक्षर मिळालं. माझ्या स्क्रिप्टनं एफमध्ये शोधलं, तिथं काही नव्हतं, ती गुपचूप संपली. दोष माझा होता आणि तो दुहेरी होता. काम झालं नाही तर ओरडायला मी तिला शिकवलं नव्हतं, आणि भावाचा आकडा मी पावतीच्या फॉर्ममध्येच ठोकून ठेवला होता. भाव ही दरवर्षी बदलणारी गोष्ट. तिची जागा नोंदींच्या तक्त्यात, 'या तारखेपासून हा भाव' अशी असायला हवी होती. संध्याकाळपर्यंत मी तिथं पोचलो. पैसे नंतर मिळायचे असल्यामुळं नुकसान कुणाचं झालं नाही, पण त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या रद्द करून नव्या काढाव्या लागल्या. मामाजी तोवर थांबले होते. नवी पावती हातात घेतली, आकडा पाहिला, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. "मशिनीले भाव कोन सांगते, तुमीच ना?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये अक्षर लिहिणं सोडलं; ती ज्या ड्राइव्हवर स्वतः आहे तिथूनच फाइल उचलते. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत सांगते, साचा क्रमांक अमुक होता, आता तमुक झाला. काळ्या खिडकीत देवनागरी उमटत नव्हती म्हणून मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहिलं. ऑपरेटरनं तो क्रमांक मला फोनवर वाचून दाखवायचा. 'झालं सर' चालणार नाही.

एवढं सगळं शिकल्यावर माणसाला वाटतं, आता आपण तयार झालो. 2014 मध्ये मी तसाच तयार होतो. मुख्य कार्यालयात विंडोज 7 चा नवा संगणक आला होता आणि त्यात रोबोकॉपी होती. रोज रात्री नऊ वाजता ती पाच केंद्रांच्या सगळ्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्यायची. मी तिला मिरर करायला सांगितलं होतं. इकडं जसं आहे तसंच तिकडं दिसलं पाहिजे. नीटनेटकं. एका शुक्रवारी संगणक हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. दुकानातल्या पोरानं चांगुलपणानं विंडोज नवं टाकलं आणि डी ड्राइव्हही साफ करून दिला. मी शनिवारी सगळं जोडलं, रिकामे फोल्डर पुन्हा बनवले, रात्रीची वेळ पुन्हा लावली, कारण मला त्या वेळेचीच जास्त काळजी. हार्ड डिस्कवरून प्रती परत आणायचं सोमवारवर ठेवलं. त्या रात्री शेजारच्या गावी मंडईची जत्रा होती, वडशाच्या कंपनीचं नाटक होतं. नऊ वाजता मी मांडवात सतरंजीवर होतो. नऊ वाजताच रोबोकॉपीनं पाहिलं, इकडं काही नाही. मग तिकडंही काही नको. सांगितलं होतं तसंच तिनं केलं.

सोमवारी हार्ड डिस्क उघडली तेव्हा आत पाच फोल्डर होते, स्वच्छ, रिकामे. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा उघडून पाहिली.

वाचवलं ते एका सीडीनं. लेखापरीक्षकांनी मार्चमध्ये सगळी माहिती सीडीवर मागितली होती. ते काम तेव्हा मला कटकटीचं वाटलं होतं. त्यांच्या कपाटातून ती सीडी परत आणली, पुढच्या महिन्यांच्या नोंदी केंद्रांवरच्या मूळ फाइलींमधून घेतल्या आणि बारा दिवसांत बहुतेक सगळं उभं केलं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी तेव्हा शिकलो. आरशासमोरून माणूस गेला की आरशातूनही जातो. आजही कुणी संस्थेत एकाच जागी रोज वर-वर टाकलेली प्रत दाखवून 'बॅकअप आहे' म्हणतो, तेव्हा मला ती शनिवारची रात्र आठवते.

तेव्हापासून दर शनिवारी एक काम ठरलं. पाचांपैकी एका केंद्राची प्रत घ्यायची, दुसऱ्याच संगणकावर उघडायची, नोंदी मोजायच्या, कट्ट्यांची बेरीज काढायची आणि गोदामाच्या साठा रजिस्टरशी ताडून पाहायची. जुळली तर रजिस्टरात सही. संस्थेतले लोक हसायचे, की धान एकदा मोजलं, मग संगणकात मोजलं, आता संगणकाचं धान पुन्हा मोजता? दिवाणजी हसले नाहीत.

आणि प्रती वेगवेगळ्या गावांत ठेवायला लागलो. एक लाखांदूरला कार्यालयात, एक वडशाला बहिणीकडे, दाजींच्या कपाटात, आणि एक भंडाऱ्याला एका मित्राकडे. तीन गावं, दोन जिल्हे. मी स्वतःवर खूश होतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी आलं, गोसेखुर्दचे 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगा गावांत शिरली. भंडारा शहरात पाणी, आमच्या तालुक्यात पाणी, पलीकडं वडसा भागात पाणी. इकडं चुलबंदही फुगलेली. दाजींचा फोन लागेना, भंडाऱ्याचा मित्र छतावर. घरात बसून मी विचार करत होतो, तेव्हा लक्षात आलं की माझी तिन्ही गावं एकाच नदीच्या काठावर आहेत. आठ वर्षं मी स्क्रिप्टमधली एकेक ओळ तपासली, पण नकाशा एकदाही पाहिला नाही.

नदीकाठच्या गोदामातला संगणक चिखलात गेला. तिथल्या कपाटाचा खालचा कप्पाही गेला आणि त्यात कार्बनची जुनी बुकं होती. ती उन्हात वाळवली तर पानांची एकच वडी झाली. दिवाणजी तोवर निवृत्त झाले होते, मी त्यांना सांगितलं नाही. तिन्ही प्रती मात्र निघाल्या, कारण तिन्ही ठिकाणी कुणीतरी त्या उंचावर ठेवल्या होत्या. माझं त्यात काही कर्तृत्व नाही.

आता शेतकऱ्यांची नोंदणी ऑनलाइन पोर्टलवर होते, पैसे थेट खात्यात जातात आणि ॲक्सेसचा तो प्रोग्रॅम कुणी चालवत नाही. पण जुना हिशेब कधी कुणी विचारतो, म्हणून फाइली मी जपल्या आहेत. पुरानंतर एक प्रत नागपूरला भाचीकडे ठेवली, वैनगंगेपासून लांब. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरीचं पाणी रस्त्यावर आलं, नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. सकाळी भाचीचा फोन आला.

"मामा, आमच्या खालच्या मजल्यात कमरेएवढं पाणी आहे. तुमचा डबा वरती आहे."

दिवाळीत गेलो तेव्हा तो डबा उघडला. पेन ड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला, 2012-13 ची फाइल उघडली, मामाजींची पावती शोधली. तीस कट्टे, बारा क्विंटल, 15,000 रुपये. बरोबर आहे.